फणी जिथं अडली

मित्रांनो, दात पडलेली फणी घरात कुणी ठेवत नाही. मी मात्र अजून आहे, आणि रोज कामावर आहे.

मी लाकडाची आहे. एका बाजूला विरळ दात, दुसऱ्या बाजूला दाट. एका कारागिरानं बारीक करवतीनं माझा एकेक दात कापला, मला तेल पाजलं आणि येरमाळ्याच्या यात्रेत बांगड्यांच्या शेजारी मांडून ठेवलं. तिथून धुरपदाबाईंनी मला उचललं. आधी स्वतःच्या तळहातावर ओढून पाहिलं. "टोचत न्हाय," म्हणाल्या, आणि मी येरमाळ्यापासून जवळच, वाशी तालुक्यातल्या त्यांच्या गावी आले.

तेव्हा त्यांचे केस कमरेखाली जायचे. न्हाऊन अंगणात बसल्या की शेजारची जगदेवी भिंतीवरून ओरडायची, "धुरपदे, केस वाळवतीस का कडबा?" त्या हसायच्या आणि मी त्या दाट केसांतून वरून खाली धावत राहायचे. ते माझे सुखाचे दिवस.

मग त्यांच्या छातीत गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं, सलायनमधून औषधं दिली. केस गेले. मी भिंतीतल्या देवळीत पडून राहिले. नात आरोही बाहुलीचे केस विंचरायला कधी मला न्यायची, तेवढाच काय तो मला हात लागायचा.

पण केस परत आले. करडे, कुरळे, कोकराच्या लोकरीसारखे मऊ. सून हर्षालीनं मला धुऊन पुसून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी मला गालाला लावलं. रोजची गोळी चालू होती, तपासण्या चांगल्या येत होत्या. दुखण्याचं नाव घरात कुणी घेईनासं झालं.

अशातच एके दिवशी उजव्या कानामागं, जरा वर, मी अडले. माझ्या विरळ दातांनाही तिथून वाट मिळेना. तिथले केस एकमेकांना चिकटून बसले होते. पुढच्या न्हाण्याला तो गुंता आणखी घट्ट झाला.

आमच्याकडं केस असे आपोआप गुंतले, की ती देवीची जट समजतात. मग तिला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. हळदीकुंकू वाहायचं. गल्लीतल्या बायका पाया पडायला येऊ लागल्या. धुरपदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईनं मला दुखण्यातनं काढलं, तिची ही खूण हाय," त्या म्हणाल्या. मला फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

मित्रांनो, अंधाराचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की त्या गुंत्याखाली माझ्या दाताला काहीतरी कडक लागलं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

पेटीत घरातलं सगळं बोलणं ऐकू यायचं; जे दिसलं नाही, ते मागाहून बोलण्यातून कळलं. तपासणीहून आल्यावर हर्षाली म्हणाली, "आत्या, डॉक्टरांनी छाती बघितली, काख बघितली. तुम्ही डोक्यावरचा पदर हलू दिला न्हाय. डोक्याचंबी सांगायचं होतं."

"दुखणं छातीचं, त्यात डोस्क्याचं काय सांगू? अन् देवीचं कुणी दवाखान्यात दाखवतंय व्हय?"

हर्षाली कामाला लागली. पण एका दुपारी सासूचं डोकं ठणकत होतं म्हणून ती तेल चोळायला बसली आणि तिचं बोट जटेखाली शिरलं.

"आत्या, इथं गाठ हाय. सुपारीवानी."

"गाठ म्हणू नगंस!" धुरपदाबाईंनी तिचा हात झटकला. "माझी गाठ कापून काढली. ही पुन्हा गाठ असंल, तर आईनं मला बरं केलंच न्हाय म्हण की!"

त्यांना भीती कशाची होती, ते तेव्हा मला कळलं. हर्षालीलाही कळलं असावं. तिनं वाद घातला नाही. चप्पल घातली आणि जगदेवीला घेऊन आली. जगदेवी देवीची आराधीण, तिच्या नावानं जोगवा मागणारी. तिच्या स्वतःच्या डोक्यावर कैक वर्षांची जट आहे, दोरखंडासारखी जाड.

आल्या आल्या ती धुरपदाबाईंपुढं डोकं वाकवून बसली. "घाल बोट माझ्या जटेखाली. काय लागलं?"

"कातडंच की. मऊ हाय."

"आता तुझ्या जटेखाली घाल."

बांगड्या किणकिणल्या. मग धुरपदाबाईंचा बारीक आवाज आला, "लागतंय काहीतरी."

"देवी केसात येती, धुरपदे. कातड्याखाली घर करत न्हाय. अन् तिनं तुला एवढ्या मोठ्या दुखण्यातनं काढली, ती काय पदर घट्ट धरून मरायला?"

"आईला काय सांगू मग?"

"ते मी सांगते. माझं तिचं रोजचं बोलणं हाय. तू फणी काढ."

पेटी उघडली. हर्षालीनं कोमट तेल लावून एकेक बट सोडवायला घेतली. धुरपदाबाई डोळे मिटून बसल्या होत्या, जगदेवीचा हात हातात धरून. माझे काही दात तिथंच गेले. त्यांचं मला काही वाटलं नाही. शेवटची बट सुटली तेव्हा खाली लालसर, केस नसलेला उंचवटा दिसला.

दुसऱ्याच दिवशी सासू-सून सोलापूरला गेल्या. गाठीचा तुकडा तपासायला दिला. निघालं ते छातीचंच जुनं दुखणं, डोक्याच्या कातडीत वर आलेलं. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, पण होतं. पहिल्या उपचारांनंतरही त्याचा एखादा कण अंगात दडून राहतो आणि कुणी विचारही करणार नाही अशा जागी डोकं काढतो. सगळं अंग तपासलं. बाकी कुठं काही नव्हतं. गोळ्या बदलल्या, डोक्याला किरणांचा शेक दिला.

"पुरतं गेलं, असं मी म्हणणार नाही," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "पण दाबून ठेवता येतं, आणि तसं पुष्कळ जगता येतं."

"नात धाव्वी पास झालेली बघीन का?"

"आधी पुढच्या तपासणीला या. आणि पदर काढून या!"

हे सांगताना घरी धुरपदाबाईच सगळ्यांत जास्त हसल्या.

आता गाठ विरली आहे. तिथं पेरूच्या पानाएवढी जागा गुळगुळीत आहे, केस नाहीत. मी तिला वळसा घालून जाते. पुढची तपासणीही चांगली आली. परवा गल्लीतल्या बायका पुन्हा आल्या, जट गेली म्हणून हळहळायला. धुरपदाबाईंनी पदर मागं सारला आणि ती मोकळी जागा सगळ्यांना दाखवली.

"हात लावून बघा. अन् घरी जाऊन आपापल्या छातीला, काखेला, डोक्यालाबी लावून बघा."

"अगं, पण देवीचं डॉक्टरला दाखवावं का?" एकीनं विचारलं.

"देवीला दाखवा, डॉक्टरलाबी दाखवा. दोघांपासून लपवू नका, म्हंजे झालं."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं असेल, तर कधी त्यांचे केस विंचरून द्या. फणी कुठं अडली तर ओढू नका, पण तिथंच सोडूनही देऊ नका. थांबा, केस बाजूला करा आणि उजेडात नीट बघा.