खुली सेवा

हेमलता कुलथे ज्या सेवेवर 'खुली' असा शिक्का मारी, ती सेवा देणारी आणखी दोन माणसं दुसऱ्या सकाळी गावात हजर असत. वीज नियामक कार्यालयात तिचं कामच ते होतं. खांबापासून घरापर्यंतची तार एकाच कंपनीची. तिथे दुसरं कोणी तार ओढत नाही. म्हणून ती सेवा 'नियंत्रित', तिचा दर कार्यालय ठरवणार. मीटर बसवणं मात्र कोणालाही जमतं; ते खुलं. तो शिक्का तिने मारला, आणि सकाळी रोहित्राच्या सावलीत दोन नवे मीटरवाले डबा खात बसलेले दिसले. कोणाला नवल वाटलं नाही.

एके दिवशी कार्यालयातले तिचे वरिष्ठ बोरगावे साहेब म्हणाले, "बाई, अप्पांना जेवू घालणं कशात टाकायचं?"

अप्पा म्हणजे तिचे वडील. नजर अधू झालेली. आई गेल्यापासून ते फक्त हेमलताच्या हातून जेवत.

"साहेब, ते विजेचं नाही."

"घरात वीज आहे ना? मग झालं. दुसरं कोणी करू शकेल का, एवढंच सांगा."

ती फार दमलेली होती. तिने शिक्का मारला.

सकाळी दोघी आल्या. तिच्याच चेहऱ्याच्या, तिच्याच आवाजाच्या. एकीने पदर खोचून भाकरी थापली, दुसरीने अप्पांचं धोतर पिळून वाळत घातलं. हेमलता कित्येक वर्षांनी दुपारची झोपली. उठली तेव्हा माजघरातून अप्पांचं हसू ऐकू येत होतं.

"पड अजून," दोघींपैकी एक म्हणाली. "किती दमतेस, मला का ठाऊक नाही?"

तिच्यावर रागावणं हेमलताला जमलं नाही.

मग साहेब सुनावणीला घरीच आले. "तिघी ठेवता येणार नाहीत. ग्राहक एक निवडेल. उरलेल्या दोघींनी जायचं."

"कुठे जायचं?" हेमलताने विचारलं.

"ते आमच्या कक्षेत येत नाही."

ते बोलत असताना खोली आवळत गेली. खिडकी भिंतीत मिटली. सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागले.

"आजोबा, यातली तुमची कोण?"

"तिघीही गुणाच्या आहेत," अप्पा म्हणाले. "एकीलाही उपाशी पाठवू नका."

"एकच सांगायची." साहेबांनी मेन स्विच खाली ओढला.

काळोखात तिघींनी हात पुढे केले. "अप्पा, मी," असं हेमलता म्हणणार, तोच ते शब्द तिच्या डावीकडून आले, मग उजवीकडून. तिने ओठ मिटले. अप्पांची कोरडी बोटं तिच्या तळव्यावर टेकली, जरा विसावली, आणि मग चाचपत शेजारच्या तळव्याकडे निघाली.