काठातले दोन धागे

नमुना क्रमांक दोनच्या काठात दोन धागे होते, एक निळा, एक तांबडा. भिंगाखाली ते दिसले आणि प्रमोदिनीचा हात थांबला.

जेल विभागाच्या खरेदी कार्यालयात ती सर्वांत वरची अधिकारी. कैद्यांच्या कुडत्यांसाठी वर्षभराचं जाडं पांढरं कापड घ्यायचं होतं. तीन निविदा आल्या होत्या. तिन्हींबरोबर आलेल्या कापडाच्या तुकड्यांवरची नावं काढून तिच्या हाताखालच्या देवेंद्रने नुसते क्रमांक लावले होते. प्रमोदिनीने एकेक तुकडा तपासायचा, पाकिटात घालायचा, वर लाख ओतून सही करायची, आणि उद्या समितीपुढे ती पाकिटं फुटायची. अट साधी होती: माल कुणाचा हे ओळखू येईल अशी खूण नमुन्यावर नको. खूण दिसली की नमुना बाद.

दुसऱ्या कुणाला तो काठ नुसता काठ वाटला असता. पण प्रमोदिनीचे वडील गिरणीत कापड तपासायचे. प्रत्येक विणकर आपल्या थानाच्या, म्हणजे अख्ख्या ताग्याच्या, काठात आपल्या रंगाचे दोन धागे घालायचा, म्हणजे कुठे वीण सुटली तर कुणाला हाक मारायची हे कळावं. लहानपणी ती वडिलांच्या मांडीवर बसून हे काठ वाचायला शिकली, अक्षरं त्यानंतर. पिवळा-हिरवा म्हणजे मारुती. निळा-तांबडा म्हणजे नाना. चाळीतल्या बायकांनी त्यावर ओवीही रचली होती, आई ती तांदूळ निवडताना म्हणायची:

भोंगा वाजे गिरणीचा, कोंबड्याच्या आधी जागा
थान जाई परगावी, सांगे नाव त्याचा धागा.

तो भोंगा बंद होऊन आता दीड वर्ष झालं होतं. गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि भिंतीवर बाहेरच्या देशातल्या थंड पेयाची मोठी जाहिरात रंगवली गेली. नानाने बड़ा गणपतीच्या देवळामागे एक शेड घेतली. भंगारातले सहा माग दुरुस्त केले, आणि तो धरून बारा माणसं तिथे विणायला बसली. सियागंजच्या बाजारातल्या दुकानदारांनी दोन-चार थानं घेतली, मग हात आखडले. बाहेरून आलेलं चकचकीत कापड खपत होतं. हे टेंडर मिळालं तर शेड वर्षभर चालणार होती. नाही तर माग पुन्हा भंगारात जाणार, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

देवेंद्रने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. वाकून त्याने भिंगातून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, दोन धागेच तर आहेत. किसको दिखेगा? सुई लावा, ओढून टाका."

सुई खणातच होती. प्रमोदिनीने ती काढली. टोक निळ्या धाग्याखाली घातलं, धागा किंचित वर आलाही. मग तिला वाटलं, हा ओढला की या काठावर नानाचं काही उरणार नाही, आणि लाखेवर माझी सही असेल. तिने सुई काढून घेतली. उचललेला धागा नखाने पुन्हा बसवला. देवेंद्रला म्हणाली, "तू जा घरी. उशीर नको करू."

तो गेल्यावर तिने टिपण लिहिलं: क्रमांक दोनच्या काठात खूण आहे, विणकर माझ्या ओळखीचा आहे, नियमाने नमुना बाद व्हावा. लिहिताना शेवटच्या शब्दावर शाई पसरली, ते तिने तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तुकोगंजातल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात नाना धोतर सावरत उभा होता, मागे त्याची चार माणसं. निकाल तिने स्वतः बाहेर येऊन सांगितला. नाना घरी तिला पमी म्हणायचा. इथे त्याने हात जोडले.

"साहेब, खूण लपवून घातलेली नाही," तो म्हणाला. "आम्हाला बिना खुणेचं थान विणता येत नाही. हात आपोआप तिकडे जातो. बिना खुणेच्या कापडाची जबाबदारी घेणार कोण?"

तिने निकालाचा कागद त्याच्या हातात दिला. मागून मारुती पुटपुटला की पमीताईने वडिलांचंच भिंग आमच्यावर रोखलं, वा भिया. नानाने त्याला गप्प केलं. पण ते तिला ऐकू गेलं होतं.

उरलेले दोन नमुने नियमाप्रमाणे धुऊन बघायला तुरुंगात गेले. महिला बराकीत शिवणखातं होतं. तिथली जुनी कैदी कमल सात वर्षं कैद्यांचे कुडते शिवत होती. तीनदा धुतलेले तुकडे तिने प्रमोदिनीच्या हातात दिले. खळ निघून गेली होती, आणि हातात राहिली होती जाळी. कमल म्हणाली, दरसाल असंच येतं. खांदा पहिल्या महिन्यात फाटतो. तक्रार कुणाची करायची, थानावर तर काहीच लिहिलेलं नसतं.

प्रमोदिनीने तुकडे घडी करून पिशवीत घातले. नानाचा प्रश्न इथे, या सुयांच्या खोलीत, दुसऱ्याच तोंडून आला होता.

धुतल्यावर दोन्ही नमुन्यांचं वजन अटीपेक्षा कमी भरलं, दोन्ही बाद झाले. टेंडर पुन्हा काढावं लागणार होतं. या वेळी तिने अटींमध्ये एक नवी ओळ घातली: नमुना कोरा असावा, पण मंजुरीनंतर येणाऱ्या प्रत्येक थानाच्या काठात विणणाऱ्याचा स्वतःचा रंगीत धागा असावा, आणि कोणता रंग कुणाचा याची यादी सोबत द्यावी. ही ओळ आपल्या एका माणसासाठी घातली असं कुणीही म्हणू शकलं असतं, म्हणून तिने फाईलमध्ये कमलचे ते धुतलेले तुकडे टाचले, आणि पाकिटं उघडायला भोपाळहून दुसरा अधिकारी मागवला. त्या दिवशी ती रजेवर राहिली. घरी बसून तिने आईच्या जुन्या लुगड्यांचे काठ पुन्हा शिवले, आणि एक काठ दोनदा उसवला.

या सगळ्यात सहा आठवडे गेले. मधल्या काळात बारा जणांतले दोघे शेड सोडून गेले. मारुती त्यातला एक. तो टेम्पो चालवू लागला.

नानाला कोरा नमुना विणायला चार दिवस लागले, असं देवेंद्रने नंतर सांगितलं. दर वेळी हात काठाकडे जायचा. शेवटी त्याच्या बायकोने, सुलोचनाने, रंगीत सुताची पेटी कुलपात घातली आणि किल्ली कमरेला खोचली.

काम नानाच्या शेडला मिळालं.

पावसाळा संपता संपता प्रमोदिनी तपासणीला महिला बराकीत गेली. कमल कुडत्याचं खालचं टोक दुमडत होती. कापडाचा काठ शिवणीत जाऊ न देता तिने मुद्दाम खाली, दिसेल असा ठेवला होता. पांढऱ्यावर निळा-तांबडा.

"हा कोण, मॅडम?" तिने विचारलं. "आम्ही रोज याच्यावर हात फिरवतो. नाव तर कळू द्या."

प्रमोदिनीने सांगितलं.

पुढच्या महिन्यात नाना स्वतः माल घेऊन तुरुंगाच्या फाटकावर आला, तेव्हा तीही तिथे होती. तिने त्याला आत काय चाललंय ते सांगितलं. बायका आता थानांना नावानेच बोलावतात. आज दिवसभर नाना शिवला, पाठ मोडली, असं म्हणतात. आणि पुरुषांच्या बराकीतून चिठ्ठी आली आहे, खांदा टिकतो म्हणून, आम्हाला नानाच पाहिजे.

नाना फाटकाच्या दगडी कठड्यावर टेकला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने धोतराच्या टोकाने पुसलं.

"पमी," तो म्हणाला, आणि इथे साहेब म्हणायचं असतं हे विसरला, "हे मी मारुतीला सांगणार. जळफळाटानेच परत येईल तो."

तिने हातातल्या यादीकडे पाहिलं. दहा नावं होती, दहा रंग. पिवळा-हिरवा अजून कुणीच घेतला नव्हता.