मापात बसणारा पंखा

भाचीनं तेच वाक्य चौथ्यांदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी ती घरूनच पुस्तकं रेकॉर्ड करायची. पण चार दिवसांपासून कॉम्प्युटर असा घोंघावत होता, की पुस्तकातली नायिका निरोप घेतेय ती एखाद्या गिरणीत उभं राहून, असं वाटावं.

"प्रोसेसर तापतोय गं आत्या, म्हणून पंखा जीव तोडून फिरतोय. धूळ झाडली, काही उपयोग नाही. त्याच्यावर बसणारा नवा कूलरच लागणार. स्वस्तातला."

आत्यानं उभं आयुष्य कोट शिवण्यात घालवलेलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, यापलीकडे तिला काही कळत नव्हतं. पण कुठल्याही अंगावर काही चढवायचं तर आधी माप घ्यायचं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिनं झाकण काढायला लावलं, टेप आत सोडली आणि प्रोसेसरपासून झाकण बसतं त्या कडेपर्यंतचं अंतर कागदावर लिहिलं : साडेपंधरा सेंटीमीटर.

"अगं, दुकानदाराला कळतं सगळं," भाची हसली.

"त्याला त्याचं दुकान कळतं," आत्या म्हणाली आणि चपला शोधू लागली.

दुकानदार मोठा हौशी. त्यानं दोन पंख्यांचा, रंगीत दिव्यांनी झगमगणारा एक कूलर काउंटरवर ठेवला. "हा न्या, डोळे मिटून."

"डोळे मिटून मी आजवर एक काजसुद्धा केलं नाही," असं म्हणत आत्यानं टेप लावली. "साडेसोळा. बसणार नाही."

"झाकण उघडं ठेवायचं, काकू. हवा पण खेळती राहते."

"म्हणजे बटणं न लावता कोट घालायचा? आणि दिवे कशाला? आत कोण बघायला बसलंय?"

भाचीला हसू आवरेना. दिव्यांवर तिचाही जीव जडला होताच, पण किंमत बघून तो आपोआप सुटला. शेवटी दुकानदारानं खालच्या फळीवरून एक साधं खोकं काढलं. एकच पंखा, चार तांब्याच्या नळ्या, उंची पंधरा, किंमत पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. भाचीनं आपल्या प्रोसेसरला बसतो ना, एवढं विचारून घेतलं.

"आधीच दाखवला असतात तर?" आत्यानं विचारलं.

"तुम्ही आधी विचारलं नाहीत," तो ओशाळून म्हणाला.

घरी भाचीनं जुना कूलर काढला, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी सुकलेली पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि कूलर बसवून एक स्क्रू करकचून आवळायला घेतला.

"थांब! एकच बाजू ओढलीस तर तिरकं बसेल. आधी चारही सैल लाव. मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळ."

झाकण अलगद लागलं. कॉम्प्युटर सुरू केला, तर भाचीला तो सुरू झालाय हे पटेचना. मघाशी पंच्याण्णव अंशांवर गेलेलं तापमान आता कितीही काम दिलं तरी सत्तरच्या वर सरकेना. तिनं आत्याला कडकडून मिठी मारली आणि लगेच माइकसमोर बसली.

आत्या दाराशी स्टूल घेऊन ऐकत राहिली. इतक्या वर्षांत भाचीचं वाचन असं नीट तिच्या कानावर पडलंच नव्हतं. नायिका स्टेशनवर उतरली, पत्र उघडलं, आणि भाची पान उलटायला क्षणभर थांबली.

"काय लिहिलंय त्यात?" आत्यानं न राहवून विचारलं.

रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज अगदी स्वच्छ आला.