निळी बाटली माझ्या स्टुलावर

मी स्टीलचा जग बोलतोय. बोलतोय कसला, जळतोय! उगाच मोठेपणाचा आव कशाला आणू? त्या निळ्या बाटलीचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारखान्यात पत्र्यातून माझा जन्म झाला. दुकानात काकूंनी मला टकटक वाजवून पाहिलं आणि घरी आणून थेट मास्तरांच्या शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसवलं. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान, कोट शिवणारे. ओठांतल्या टाचण्या काढल्या की त्यांचा हात आधी माझ्याकडे यायचा. एकदा त्यांच्या हातून कात्री पडून मला पोचा आला. तेव्हा "लागलं का रे?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मला! जगाला!

पुढे मास्तरांच्या किडन्या कुरकुरायला लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जेवणातलं मीठ कमी केलं. तेवढ्यात जावई निळ्या बाटल्यांचं खोकं घेऊन हजर. "बाबा, हे अल्कलाइन पाणी प्या, मुद्दाम क्षार घातलेलं. शरीरातलं सगळं आम्ल साफ! साध्या पाण्यात काय दम आहे?"

मास्तरांनी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांची नजर गेली वाफेच्या इस्त्रीकडे. तिच्यात पाणी माझंच जायचं, आणि तिची भोकं पांढऱ्या खाराने बुजली होती.

"इस्त्रीत खार धरतो, तसाच माझ्या किडन्यांतही धरत असणार," मास्तर म्हणाले.

झालं! खापर फुटलं माझ्यावर. स्टुलावर बाटलीबाई विराजमान. कमरेत बारीक, अंगावर चंदेरी अक्षरं, पाणी कळायला रेघासुद्धा आखलेल्या. नटवी कुठली! मला खाली चिंध्यांच्या पोत्याशेजारी ठेवलं आणि माझ्यात मोजायच्या लाकडी पट्ट्या खोचल्या.

चांगलं पाणी जितकं प्यावं तितकं बरं, म्हणून मास्तर बाटल्यांवर बाटल्या रिचवायला लागले. इस्त्रीलाही तेच पाणी. मी खालून नुसता धुमसत होतो. पण खाली होतो म्हणूनच मला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी दिसली. मशीनच्या पायट्यावरचे मास्तरांचे पाय सुजत चालले होते. एके दिवशी चप्पल पायात जाईना, तेव्हा ते अनवाणीच मशीन चालवायला बसले. मला ओरडावंसं वाटलं, पण तोंडात पट्ट्या कोंबलेल्या!

मग एका गिऱ्हाइकाचा काळा कोट इस्त्रीला घेतला. इस्त्री फसफसली आणि कोटाच्या छातीवर पांढरी भुकटी थुंकली.

"अहो, हे तर तुमचं भारीतलं पाणी!" काकू ओरडल्या. "इस्त्रीचं हे झालं, तर तुमच्या पोटात काय होत असेल? आणि हे पाय बघा! उठा आधी!" त्यांनी एका हाताने मास्तरांना धरलं, दुसऱ्या हातात बाटली घेतली आणि थेट दवाखाना गाठला.

परत आल्यावर काकूंनी जावयाला फोन लावला. "जावईबापू, तुमची माया कळते हो. पण डॉक्टर म्हणाले, धडधाकट माणसाला या पाण्याने सहसा अपाय नाही, पण पैसे मोजावेत असा फायदाही सिद्ध झालेला नाही. पोटात मुळातच आम्ल असतं, तिथे पोचलं की या पाण्याचा गुण खलास. यांच्या थकलेल्या किडन्यांना मात्र जादाचं पाणी आणि क्षार बाहेर टाकता येत नाहीत, म्हणून पाय सुजले. आणि इस्त्री वेगळी, माणूस वेगळा, असंही सुनावलं यांना! आता साधं पाणी, तेही मापात."

साधं पाणी! ते दोन शब्द ऐकून माझा पोचासुद्धा फुगला असेल. काकूंनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि स्टुलावर बसवलं. आणि शेजारी कोण? तीच सटवी! का, तर मास्तरांना पाणी मापून प्यायचंय आणि रेघा तिच्या अंगावर आहेत.

आता मास्तरांची सूज उतरली आहे, चप्पल पुन्हा पायात बसते. त्यासाठी मी काहीही सोसेन. पण रोज सकाळी काकू मला वाकवतात आणि माझं पाणी त्या बाटलीच्या पोटात जातं. मास्तर टाचण्या काढून ठेवतात, तिला तोंड लावतात आणि तिच्याकडे बघत म्हणतात, "वा, गोड आहे पाणी!"

अहो मास्तर, एकदा तरी इकडे बघून म्हणा ना!