निकालानंतरचं दूध

गोजाबाईने किटलीचं झाकण पुन्हा राखेने घासलं. कडेत अडकलेला गुलाल काही निघेना. काल मिरवणुकीत पोरांनी तो गोठ्यापर्यंत उधळला होता. म्हशीच्या पाठीवर, वैरणीवर, वाळत घातलेल्या या किटलीवरही. शेवटी तिने झाकणावर फडकं बांधलं आणि ती धनाजीच्या दूध केंद्राकडे निघाली.

मंगळवेढ्याजवळच्या या वस्तीला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. गोजाबाईची सून पूनम सरपंच झाली होती. पडली ती धनाजीची बायको, बजाबाई.

वस्तीत दूध घेणारा धनाजी एकटाच. मागे, वस्ती जुन्या गावच्या ग्रामपंचायतीत होती तेव्हा, वस्तीतलाच धुळा त्याच्या विरोधात प्रचाराला फिरला होता. निकालानंतर धनाजीच्या मशीनवर धुळाच्या दुधाला कधी पुरेशी फॅटच लागली नाही. त्याने म्हशी विकल्या. आता तो सोलापुरात यंत्रमागावर होता. गोजाबाईच्या घरात दुधाशिवाय दुसरी मिळकत नव्हती.

ती येताच रांगेतलं बोलणं थांबलं.

“सरपंचाच्या सासूला रांगेत उभं केलं म्हणून नोटीस न्हाय ना यायची, काकू?” धनाजी म्हणाला.

“मी रोजच उभी ऱ्हाते की.”

त्याने फडकं सोडलं. गुलाबी कडेवरून अंगठा फिरवला आणि तो लेंग्याला पुसला.

“ठेवा तितं. बगू मागनं.”

किटली भिंतीशी गेली. मागची माणसं पुढे आली, दूध घालून, पावती घेऊन निघून गेली. ऊन ओसरीवर चढलं. गोजाबाईने किटली सावलीत सरकवली. थोड्या वेळाने पुन्हा सरकवली.

धनाजीचंही लक्ष कामात नव्हतं. तो सारखा अंगणाकडे बघत होता. तिथे बजाबाई नळाखाली कोरडी घागर लावून बसली होती. मागे म्हशींच्या पाण्याचं रिकामं टिपाड. पाण्याची वेळ टळून गेली होती.

गोजाबाईला रात्रीचं जेवण आठवलं. ‘धनाजीच्या आळीचा पाण्याचा कॉकच बंद करतो,’ असं तिचा मुलगा अमृत म्हणाला होता. ती त्याला भाकरी वाढत राहिली होती. पूनम अर्ध्या ताटावरच हात धुऊन उठली होती.

नळ खरखरला. आधी नुसती हवा, मग गढूळ धार, मग पाणी.

घागर भरली तशी बजाबाईने दुसरी लावली. धनाजी उठला, भिंतीजवळची किटली त्याने स्वतः उचलून आणली आणि दुधाचा नमुना मशीनला लावला.

“साडेसहा फॅट,” आकडा बघून तो म्हणाला. “रोजचीच हाय.”

पावती देताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर पाण्याची टाकी होती. खाली कॉकच्या खड्ड्यावरच्या लोखंडी झाकणावर पूनम पदर खोचून बसली होती. समोर अमृत, अंगात कालचाच गुलाली शर्ट, हातात पाना. मागे चार-पाच पोरं.

“आत्या, कॉक मी उघडला. दूध घेतलं?” पूनमने विचारलं.

“घेतलं.”

पूनमने नवऱ्याकडे पाहिलं.

“आज घेतलं,” अमृत म्हणाला. “उद्या न्हाय घेतलं तर?”

पूनम झाकणावरून उठली नाही.

गोजाबाईने रिकामी किटली खाली ठेवली.

“सरक जरा,” ती सुनेला म्हणाली, आणि झाकणावर तिच्या शेजारी बसली.