डोळे मिटून ऐकणारी माणसं

आमच्या घरात संध्याकाळी रेडिओ लागला की बाकी सगळं बंद व्हायचं. टीव्ही, वायफाय, मोबाइलचे चार्जर, एलईडीचे दिवे. दिव्यांमुळे खरखर येते आणि लांबची स्टेशनं त्यात बुडतात, असं बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं. आणि ते खरंही होतं. माझ्या लेकाचं, राजदीपचं दूध इंडक्शनवर असलं तरी कोमटच उतरवायचं. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरमध्ये मग एकच उजेड उरायचा, रेडिओच्या कपाळावरचा हिरवा डोळा. डायलचा दिवा कधीचाच गेला होता.

रेडिओ रशियन. इथला स्टील प्लांट उभारून परत जाणाऱ्या कुण्या इंजिनिअरकडून बाबांच्या वडिलांनी घेतलेला. लाकडी पेटी, आत व्हॉल्व्ह, तापायला वेळ लागायचा. स्टेशन पक्कं पकडलं की त्या हिरव्या डोळ्यातली काळी फट मिटते. बाबा मात्र तिकडे कधी बघायचे नाहीत. प्लांटमधून रिटायर झालेला हा माणूस डोळे मिटून, कान जाळीला लावून, बटण केसभर फिरवत बसायचा. "डोये उघडे ठेवले का कान झोपते," म्हणायचे. विजयवाडा, ढाका, एखाद्या दिवशी थायलंडकडचं काहीतरी. रविवारी जामुलहून त्यांचे दोस्त नत्थूकाका बसने यायचे. तेही डोळे मिटूनच बसायचे.

राजदीप दोन वर्षांचा होत आला होता आणि एक शब्द बोलत नव्हता. आठ महिन्यांचा असताना त्याच्या पाठीमागे कुकरची शिट्टी झाली आणि तो वळला नाही. तेव्हापासून मी त्याच्यामागे उभी राहून टाळ्या वाजवायची, वाटीवर चमचा आपटायची. ताट पडलं तर मात्र वळायचा. "पाय, वयला का नाई?" सासूबाई म्हणायच्या. ताट पडलं की फरशी हादरते, हे मी सांगून पाहिलं.

"शिकून शिकून तुले शंकाच शिकवली कॉलेजात," त्या म्हणाल्या. "प्रफुलबी तीन वर्साचा होईपर्यंत मुकाच होता. आता पाय, चूप बसते का?"

प्रफुल, माझा नवरा, शेजारीच होता. चूप बसला होता.

कानाच्या तपासणीची वेळ मी दोनदा घेतली आणि दोनदा ती रद्द झाली. कारण हा रेडिओ. राजदीप रोज आजोबांच्या मांडीवर बसायचा, आणि स्टेशन लागलं रे लागलं की टाळी वाजवायचा. बरोब्बर लागल्यावरच. "मले खरखर आयकू येते अन् याले स्टेशन," बाबा सिविक सेंटरला चहा पिता पिता ओळखीच्या प्रत्येकाला सांगायचे. "असे कान घेऊन डॉक्टरकडे गेलो तं लोकं हासतीन, सूनबाई." प्रफुल म्हणायचा, "बाबा बोलून राहिले ना, त्यायले रेडिओचं समजते. तू टेन्शन नको लेऊ यार." टाळी तर खरी होती. तिच्यापुढे माझे कुकर न् चमचे काय टिकणार?

जानेवारीतला एक रविवार. एरवी त्या वेळी मी स्वयंपाकघरात असायची. त्या दिवशी कोमट दुधाची वाटी घेऊन दारातच उभी राहिले. आत अंधार, दोन म्हातारे डोळे मिटून, मध्ये माझं पोर. बाबांनी बटण फिरवलं. खरखर एकदम दबली आणि काहीच उरलं नाही. ना गाणं, ना माणसाचा आवाज. कार्यक्रमाआधी ट्रान्समीटर चालू होतो पण बोलत कुणी नसतं. बाबा त्याला कोरी लहर म्हणायचे.

त्या शांततेत राजदीपनं टाळी वाजवली.

थोड्या वेळानं धून आली, मग बंगालीत कुणीतरी बोलू लागलं. बाबांनी डोळे उघडले ते भरलेलेच. "पायलं नत्थू? अजून सुरूच नाई झालं तं याले समजलं!"

"अबे, हा तं रेडिओच्या पुढे चालून राहिला," नत्थूकाका मांडीवर थाप मारत म्हणाले. "याले आकाशवाणीत लावून द्या. लहर आधी हा सांगन, मंग मशीन."

दोघं हसत होते. मी राजदीपकडे बघत होते. तो हिरव्या डोळ्याकडे बघत होता. फट मिटलेली होती.

मी आत गेले आणि त्या डोळ्यावर तळहात ठेवला. खोली पुरती काळी झाली.

"बाबा, आता दुसरं स्टेशन लावा."

"हात काढ. काय पोरखेळ लावला?"

"लावा ना बाबा. एकदाच."

त्यांनी लावलं. विजयवाडा आलं, नेहमीसारखं खणखणीत. टाळी नाही. बाबांनी दुसरं लावलं, तिसरं लावलं. टाळी नाही. अंधारात मला फक्त राजदीपची बोटं लागत होती. तो माझा हात सोलून काढायला बघत होता.

"झोप आली असन त्याले," नत्थूकाका हळूच म्हणाले.

"काय भानगड करून राहिली ते?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं आणि दिवा लावला. आवाजावर खरखर चढली. बाबांनी पहिल्यांदाच त्यांना ओरडून दिवा बंद करायला सांगितलं नाही. त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पेटी थरथरायला लागली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो हलला. मग ते उठून राजदीपच्या मागे गेले, वाकले, आणि त्याच्या मानेजवळ तोंड नेऊन ओरडले, "राजदीप! ए राजदीप!"

राजदीप माझी करंगळी ओढत होता.

तपासणी चार दिवसांनी झाली. या वेळी वेळ प्रफुलनं घेतली. राजदीपला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या. डॉक्टर बाई तरुण होती, माझ्याच वयाची. दोन्ही कान, ती म्हणाली. जन्मापासून असावं. मशीन, ऑपरेशन, बोलण्याचं ट्रेनिंग, सगळं आहे, पण जितकं लवकर तितकं बरं असतं, आणि आपण बराच वेळ घालवला आहे. मग पेपर पुढे ओढून तिनं विचारलं, "घर में किसी को शक नहीं हुआ?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले.

"नहीं मॅडम. किसी को नहीं हुआ. बच्चा इतना होशियार है, कैसे समझता?"

खोटं बोलल्यासारखा त्यांचा आवाज नव्हता. तेच मला सहन झालं नाही. ते खरंच विसरले होते. दोन वेळा रद्द केलेली तपासणी, माझं रडणं, सगळं. प्रफुलनं मान हलवली, हो म्हणून.

"मुझे हुआ था," मी म्हटलं. "आठ महीने का था, तब."

डॉक्टर बाईनं मान वर केली. त्या नजरेतली कीव एका क्षणात आटली.

"फिर लाईं क्यों नहीं? आप तो पढ़ी-लिखी हैं."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. प्रफुलही. जणू त्यांनाही हेच विचारायचं होतं.

राजदीप माझ्या खांद्यावर औषधाच्या गुंगीत जड झाला होता. मी उठले, त्याला प्रफुलच्या मांडीवर ठेवलं, त्याचं डोकं नीट केलं.

"इनसे पूछिए," मी म्हटलं.

"सूनबाई," बाबा म्हणाले. प्रफुल पोराच्या केसांतला चिकट गोंद नखानं खरवडत बसला. डॉक्टर बाई पेन धरून एकदा प्रफुलकडे, एकदा बाबांकडे बघत होती, आणि मी त्यांच्यापैकी कुणाच्याही मदतीला गेले नाही.