रिकाम्या खुर्चीवरची पिशवी

"हा शब्द कुणाचा?" संपादकांनी पेन्सिलीचं टोक 'निर्दयी'वर टेकवलं आणि उत्तराची वाट न पाहता तो उडवला.

समोर बातमीदार उभी होती. कचेरीत तिला सगळे ठिणगी म्हणत आणि संपादकांना, अर्थात पाठीमागे, कात्री. कात्रींच्या दंतकथा तिथे चहापेक्षा जास्त खपत. स्वतःच्या लग्नपत्रिकेतून त्यांनी जागेअभावी थोरल्या मेव्हण्याचं नाव गाळलं होतं, म्हणे. मेव्हणा तेव्हापासून अबोल आहे आणि कात्रींना ती शांतता फार सुबक वाटते.

"नगरपालिका प्रसूतिगृह पाडून वाहनतळ करणार," ठिणगी म्हणाली. "मग काय, दयाळू लिहू?"

"पाडणार, एवढंच लिही. वकिली वकिलांना करू दे." मग चष्म्यावरून बघत, "एवढी पेटलीस का पण? घरातलं कुणी आहे यात?"

ठिणगीने खिडकीकडे तोंड फिरवलं. "वहिनी. आठवा लागलाय."

"हे बातमीत कुठंय?"

"तिचा काय संबंध? बातमी खरी आहे!"

"खरी आहे. पण पाळणा तुझ्याच घरात हलायचाय हे वाचकाला बाहेरून कळलं, तर तो तुझं खरंही चाळणीतून काढेल." त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. "ही बातमी आता तुझी नाही."

घरी भावाने ताटावरच तोफ डागली. "तुमच्या वर्तमानपत्राला कणा आहे, की नुसतीच घडी?"

"अहो, जेवू द्या त्यांना," वहिनी म्हणाली. प्रसूतिगृह गेलं की उरणार नदीपलीकडचं रुग्णालय, आणि तिकडे जाणारा पूल सदा तुंबलेला. "वन्सं, काळजी नको. पुलावरच मोकळी होईन. बारशाला नाव शोधायचे कष्ट वाचले."

सगळे हसले. हसता हसता तिचा हात पोटावर गेला, तो तिथेच राहिला.

सकाळी पहिल्या पानावर बातमी आली, बर्फाच्या लादीसारखी. खाली ठळक चौकट: आज अकराला नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी, कुणालाही बोलता येईल. 'झालं, एवढ्यावर कोण येतंय,' असं पुटपुटत ठिणगी तिथे पोचली, तर दारात पाय ठेवायला जागा नाही. कडेवर लेकरं, हाताशी लेकरं, पोटात लेकरं; इतक्या बाया की सभागृहाच्याच भिंतींना कळा याव्यात. शिपाई अधिकाऱ्यांच्या खोल्यांतून खुर्च्या उपसत होता.

पत्रकारांच्या टेबलाशी साक्षात कात्री बसले होते. त्यांना कचेरीबाहेर बघून कुणाचा विश्वास बसेना. त्या टेबलावर बसणाऱ्याने फक्त टिपायचं, बोलायचं नाही, हा जुना शिरस्ता. शेजारची खुर्ची रिकामी होती. ठिणगी सवयीने तिकडे वळली.

कात्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी उचलून त्या खुर्चीवर ठेवली.

ठिणगीने मागे जाऊन बोलणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं. मग बायकांमध्ये दाटीवाटीने बसली.

तिची पाळी आली तेव्हा कारकून उठला. "या बाई वर्तमानपत्रातल्या आहेत. यांना बोलता येणार नाही."

"आमच्या वर्तमानपत्राचा माणूस इथे बसलाय," कात्री मान वर न करता म्हणाले. "तिकडे बसलेत ते गावकरी."

रात्रभर रचलेलं भाषण ठिणगीने बाजूला ठेवलं. वहिनीचा आठवा महिना, तो पूल, तिथे अडकलेली रुग्णवाहिका तिने पाहिली ती संध्याकाळ, एवढंच ती बोलली. शेवटी अध्यक्षांकडे वळून म्हणाली, "साहेब, संध्याकाळी एकदा त्या पुलावरून जाऊन बघा. मग ठरवा."

अध्यक्षांनी अधिकाऱ्यांना विचारलं, "गेलंय कुणी?" अधिकारी कागद चाळू लागले. निर्णय पुढे ढकलला गेला. आधी पूल बघायचा, मग बोलायचं.

जिन्यात गर्दीतून वाट काढत कात्री तिच्यापाशी आले. हातात वही, कानावरची पेन्सिल बोटांत.

"बाई, नाव सांगा. आणि राहता कुठे?"

"तुम्हाला माहीत नाही का?"

"मला आहे. वाचकांना नाही."

तिने नाव सांगितलं, गल्ली सांगितली. ते वही मिटू लागले तशी तिने वहीवर बोट ठेवलं.

"तुमच्याच वर्तमानपत्रात नोकरी करते," ती म्हणाली. "तेही लिहा."